परधानापेक्षा सर्जा

खडकनिमगावात भांडणाला कारण लागत नसे, नुसतं 'पेक्षा' पुरत असे. माझ्या विहिरीला तुझ्यापेक्षा पाणी जास्त, माझी सोयरीक तुझ्यापेक्षा मोठ्या घरातली, एवढं कुणी बोललं की टाळकी फुटलीच म्हणून समजा. राज्य निजामाचं. पोलिसांचा अमीन सोनपेठेत बसायचा, आणि तो घोड्यावरून येईपर्यंत जखमांवर खपल्या धरलेल्या असायच्या. आला तरी पाटलाच्या वाड्यावर कोंबडी खायचा आणि दोन्हीकडच्यांना उर्दूत चार शिव्या हासडून परत जायचा. असल्या गावात मल्लिकार्जुन मास्तर इंग्रजी शिकवायला आला, आणि नेमका 'पेक्षा'चाच धडा त्याच्या वाट्याला आला. आता ह्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

मास्तर पालमचा, लिंगायत वाण्याच्या घरातला. बापाच्या दुकानात तागडीशेजारी वाढलेला. तागडीचं एक बरं असतं, तिला राग येत नाही. मिठापेक्षा गूळ जड भरला म्हणून मिठाने कधी गुळाचं डोकं फोडलं नाही. मास्तरच्या मनात तेच बसलेलं होतं. जे जड ते जड, जे हलकं ते हलकं, खरं बोलायला भ्यायचं काय? माणूस वाईट नव्हता हो. फक्त शेतकऱ्याच्या पोटचा नव्हता.

गावात पाटलांच्या दोन पात्या, म्हणजे एकाच भाऊबंदकीतली दोन घरं. थोरली पाती माणिकरावांची. पाटीलकीचा कारभार त्यांच्याकडे, आणि पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल न्यायचा मानही त्यांचाच. धाकटी पाती व्यंकटरावांची. त्यांच्याकडे गंगेकाठची, म्हणजे आपल्या गोदावरीकाठची, काळीभोर जमीन, हैदराबादेत दोन वर्षं काढून आणलेली शेरवानी, आणि सर्जा. सर्जा म्हणजे लालकंधारी बैल, रंगाने तांबडा, मानेवर वशिंड असं की लांबून आधी तेच दिसावं. माणिकरावांचा परधान देवणी जातीचा, पांढऱ्यावर काळे ठिपके. दोन्ही अंडील ठेवलेले, बडवलेले नव्हते, म्हणून त्यांना एका पाणवठ्यावर कधी आणत नसत. थोरल्या पातीच्या बैलांनी सकाळी नदीवर जायचं आणि धाकटीच्या बैलांनी दुपारी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मास्तरच्या आधीचा मास्तर एका हाताने पळून गेला होता. म्हणजे हात दोन्ही होते, एक मोडलेला होता. त्याने वर्गात दोन पाटलांच्या पोरांची उंची मोजून एकाला 'टॉलर' म्हटलं होतं. हेडमास्तर मौलवीसाहेबांनी नव्या मास्तरला पहिल्याच दिवशी चहा पाजून सांगितलं की मियाँ, काहीही शिकवा, पण इन्सानाचा इन्सानाशी मुकाबला लावू नका. मास्तरने मान डोलावली. पोळ्यानंतर महिन्याने तपासणीला साहेब येणार होता आणि त्याला हाच धडा फार आवडतो म्हणे.

मास्तरने आधी झाडं घेतली. लिंब बाभळीपेक्षा उंच. पोरं जांभया द्यायला लागली. मग डोंगर घेतले, नद्या घेतल्या. पोरांनी गंगा सोडून नदी पाहिलेली नव्हती. तेव्हा मास्तरच्या डोक्यात उजेड पडला. माणसं नको ना? नको. बैल घेऊ. बैलाला काय कळतंय! रोज दुपारी त्याच्या दारावरून धाकट्या पातीचा गडी लिंबाजी सर्जाला नदीवर न्यायचा, आणि मास्तर गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सर्जाच्या कपाळाला हात लावायचा. नंदीच तो, वाण्याला दारात दर्शन घडतं, आणखी काय पाहिजे? परधानाला त्याने पाहिलं होतं लांबून. म्हणून त्याने खडू उचलला आणि फळ्यावर मनापासून लिहिलं, सर्जा इज स्ट्राँगर दॅन परधान. खाली मराठीत लिहिलं, परधानापेक्षा सर्जा ताकदवान. इंग्रजीत 'दॅन' मधे कसा येतो, विशेषणाला मागे कशी शेपटी लागते, हे त्याने समजावलं आणि पोरांकडून घोकून घेतलं. जांभया बंद झाल्या. अर्धा वर्ग उभा राहून ओरडत होता आणि अर्धा वर्ग दातओठ खात होता. मास्तरला वाटलं, आज शिकवणं जमलं.

शाळा सुटायच्या आत माणिकरावांचा पोरगा चंद्रभान ओट्यावर आला. छाताड दरवाज्याएवढं, मिशा पिळलेल्या, अक्षरओळख नाही. फळ्यावर बोट ठेवून त्याने एका पोराकडून सगळं वाचून घेतलं. 'स्ट्राँगर' पुन्हा वाचायला लावलं. मग खुंटीवरची मास्तरची छडी काढली आणि मास्तरला हात पुढे करायला सांगितलं. त्या शब्दात जितकी अक्षरं तितक्या छड्या, असा हिशोब त्याने लावला. पोराने अक्षरं मोठ्याने म्हणायची आणि चंद्रभानने मारायचं. मास्तरचा तळहात पहिल्यांदा लाल झाला, मग काळानिळा झाला, मग फुटला. शेवटच्या अक्षराला छडीच मोडली. उद्या उलटं लिहायचं, एवढं सांगून चंद्रभान निघून गेला.

घरी बायकोने, उमादेवीने, हळद भरली. ती शेतकऱ्यांच्या वस्तीत वाढलेली, तिने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाली, "अहो, तागडीत मीठ तोलतात. बैल कुणी तोलतं का? माणसाला नावं ठेवली तर चालतंय एक वेळ. बैलाला ठेवली तर मालकाच्या बापाला, आज्याला, सगळ्या घराला ठेवली." मास्तरला हे खरं वाटेना. बैलापायी माणूस माणसाला मारील हे तागडीत कुठे बसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने डाव्या हाताने उलटं लिहिलं. सर्जापेक्षा परधान ताकदवान. भ्याला होता, का खोटं बोलावं? आणि संध्याकाळी व्यंकटरावांचं बोलावणं आलं.

व्यंकटराव कुणावर हात उगारत नसत. मोठे गोड बोलणारे. त्यांनी मास्तरला पान दिलं, इंग्रजीची तारीफ केली, आणि मळ्यात विहिरीवर नेलं. तिथे मोट चालली होती. सर्जा आणि त्याचा जोडीदार, एक म्हातारा बैल, जुवाखाली उभे होते. व्यंकटरावांनी सर्जाला सोडायला लावलं. मग गड्यांना खूण केली. मास्तरचा सदरा काढला, त्याला रेटत नेला आणि सर्जाच्या जागी, म्हाताऱ्या बैलाशेजारी, त्याच्या मानेवर जू ठेवलं. गळ्याला जोतं, जुवाचा पट्टा, आवळलं. व्यंकटराव खाटेवर बसून म्हणाले की मास्तर, सर्जाची ताकद तुम्हाला फळ्यावरून कळायची नाही, खांद्यावरून कळेल. ओढा.

मोट हाकायला लिंबाजीच होता. व्यंकटरावांचा सालगडी, सर्जाला त्याने वासरापासून वाढवलेला. मोट हाकणारा गडी बैल धावेचा उतार उतरताना नाड्यावर, मोटेच्या दोरावर, बसतो, म्हणजे त्याचं वजन पडून मोट वर येते. त्या दिवशी लिंबाजी नाड्यावर बसला नाही. त्याने एका हाताने नाडा खांद्यावर घेतला आणि मास्तरच्या मागून स्वतः ओढू लागला, आणि दुसऱ्या हाताने आसूड असा फोडला की तो मातीवर पडावा आणि आवाज मात्र पाठीवर पडल्यासारखा यावा. तरीही जू जूच असतं. म्हातारा बैल सवयीने पुढे जाई आणि लाकूड मास्तरच्या मानेत रुते. धावेच्या खडीत त्याचे गुडघे फुटले. पाचव्या का सहाव्या मोटेला तो तोंडावर पडला, तेव्हा त्याच्या नाकातोंडात माती आणि रक्त एक झालं होतं. गडी हसत होते. लिंबाजी हसत नव्हता. त्याने जोतं सोडताना कानाशी म्हटलं, "मास्तर, पडूनच ऱ्हावा. उठू नका, मंग सोडतेत."

तो पडून राहिला आणि खरंच सोडला.

आता तरी गप्प बसावं की नाही? शहाणा असता तर फळा पुसून पालमची वाट धरली असती. पण वाण्याचं डोकं. एक पारडं खाली गेलं की एकाने मारलं, दुसरं खाली गेलं की दुसऱ्याने मारलं. मग पारडी बरोबर केली की झालं! तिसऱ्या दिवशी त्याने पट्ट्या बांधलेल्या मानेने वर्गात उभं राहून लिहिलं, सर्जा इज ॲज स्ट्राँग ॲज परधान. परधानाइतकाच सर्जा. इंग्रजीत अशीही सोय आहे आणि ती फार चांगली आहे, असं तो पोरांना म्हणाला. मनातून त्याला केवढा आनंद झाला होता.

आणि त्या एका ओळीने गाव पेटलं. हरणं माणूस सोसतो हो, एखाद वेळी. बरोबरी सोसत नाही. माणिकराव म्हणाले की थोरल्या पातीच्या बरोबरीला धाकटीला बसवलं, म्हणजे आमचा बाप आणि त्यांचा बाप एकाच पायरीवर आणला. व्यंकटराव म्हणाले की तीन पिढ्या ह्यांच्या मरतुकड्या जनावरांच्या मागून आमचे बैल वेशीतून गेले, आणि आता त्यांच्या 'इतकेच'? शाळेतून निघालेली गोष्ट सरळ चावडीवर गेली. तिथे सगळ्यांदेखत व्यंकटरावांनी सांगितलं की ह्या पोळ्याला तोरणाखालून पहिला सर्जा जाईल. वयाने थोरला असेल तो घरात. वेशीत ज्याचा बैल बळाने थोरला तो पुढे. माणिकरावांनी त्याच संध्याकाळी लोखंडी कडी बसवायला काठ्या लोहाराकडे पाठवल्या.

पोळा चार दिवसांवर. सर्जाला वेशीत कोण नेणार? लिंबाजी. वाढवणाऱ्यानेच बैल न्यायचा, ही गावाची रीत. दुसऱ्या कुणाच्या हाताने सर्जा चाललाही नसता. म्हणजे पहिली काठी कुणाच्या डोक्यात पडणार, हे गावात आंधळ्यालाही दिसत होतं. धाकट्या पातीचे पाटील मागे राहतील, शेरवानी घालून. पुढे लिंबाजी.

मास्तर मौलवीसाहेबांना घेऊन माणिकरावांच्या पाया पडून आला. व्यंकटरावांच्या पाया पडून आला. सोनपेठेला चालत जाऊन अमीनसाहेबासमोर उभा राहिला. अमीन म्हणाला की बैलांच्या जुलुसाला सरकार बंदोबस्त देत नाही, मेलं कुणी तर कळवा. परत येताना मास्तर रस्त्यात बसून रडला. त्याला मार लागला होता त्याचं काही नव्हतं. नाडा खांद्यावर घेतलेला तो लिंबाजी त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ह्या माणसाला आपण मारला, अजून मेला नाही एवढंच, असं त्याला सारखं वाटे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी लिंबाजीची बायको तानुबाई मास्तरच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर बसली. काळीसावळी, कमी बोलणारी बाई. तिचं माहेर गंगेच्या पल्याड होतं. पहाटे तिचा भाऊ डोण, म्हणजे छोटी होडी, घेऊन काठाला येणार होता. पोळा होईस्तोवर लिंबाजीने पल्याड राहावं, मग पुढचं पुढे, एवढंच तिचं म्हणणं होतं. लिंबाजी तयार होत नव्हता, पण मास्तर बोलला तर ऐकेल असं तिला वाटत होतं. "त्यो तुमचं आयकतो," ती म्हणाली. "तुमी नुसतं जा म्हना." मास्तर म्हणाला, सांगतो.

संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जुवाने सोललेल्या बैलांच्या खांद्याला त्या दिवशी लोणी-हळद चोळतात आणि त्यांच्या कानात दुसऱ्या दिवशीचं आवतण देतात. लिंबाजी सर्जाचं उरकून मास्तरकडे आला. हातात पितळेची वाटी, तळाला थोडं लोणी-हळद उरलेलं. म्हणाला, "सदरा काढा मास्तर. औंदा तुमी बी जू वढलाव." आणि त्याने जमिनीवर बसून मास्तरच्या मानेला, सोललेल्या खांद्याला लोणी चोळलं. किती हलक्या हाताने! मग कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतान घ्या, उद्या जेवायला या." आतून उमादेवी हसली. मास्तरला मात्र हसू येईना, त्याने त्याचा हातच धरून ठेवला.

मग लिंबाजीने विचारलं. तानी गंगेपल्याड जा म्हणती, काय करू?

मास्तरने तोंड उघडलं ते जा म्हणायलाच. खरंच सांगतो, जा म्हणायलाच. पण तेवढ्यात त्याचं डोकं चाललं. जा म्हटलं आणि हा गेला, तर पोळ्यानंतर काय? भर गावात नाक कापल्यावर व्यंकटराव ह्याला सोडतील? मास्तरला त्यांनी नुसतं उलट लिहिलं म्हणून जुंपलं होतं, ह्याचे तर हातपाय तोडतील. आज वाचला तर उद्या मेला. मग मास्तरला पोळ्याची रीत आठवली, आणि ती आठवताच त्याला वाटलं की कुलूप उघडलं. पोळ्याच्या दिवशी बैलाला कुणी शिवी देत नाही. काठी लावणं तर लांबच. ज्याच्या हातून पोळ्याला बैलावर काठी पडेल त्याच्या घरचं पाणी गाव पीत नाही. मग बैलापेक्षा सुरक्षित जागा उद्या वेशीत दुसरी कोणती?

त्याने लिंबाजीला सगळं समजावलं. माणसांत जाऊ नकोस. काठी हातात घेऊ नकोस. सर्जाच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मार आणि तशीच ठेव. काठी उगारणारा आधी सर्जाला पाहील आणि त्याचा हात वरच्या वर थांबेल.

लिंबाजी वाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "परधान समोर आला तर सर्जा माजं आयकायचा न्हाई, मास्तर."

मास्तर म्हणाला की परधानाच्या वेसणीला दोन्हीकडून कासरे असतील, गडी धरून असतील, त्याला कोण सोडतंय. हेही चुकीचं नव्हतं. लिंबाजीने वाटी खाली ठेवली. मग बरं म्हणाला, आणि वाटी तिथेच विसरून गेला.

पोळा उजाडला. दुपार कलली तशी वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण लागलं आणि ढोल सुरू झाला. मास्तर शाळेच्या ओट्यावर उभा राहिला, तिथून वेस सरळ दिसायची. आधी परधान आला. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, दोन्हीकडे कासरे धरलेले गडी, पुढे चंद्रभान. मागे काठ्या. मग गंगेकडच्या बोळातून सर्जा आला. लिंबाजीने त्याला बाशिंग बांधलं होतं, स्वतः नवं धोतर नेसला होता. सर्जा चालत आला आणि परधानाच्या पुढे, तोरणाकडे तोंड करून उभा राहिला. ढोल थांबला.

पहिला वार चंद्रभानने केला. लिंबाजीवर नाही, त्याच्या मागच्या गड्यावर. कडी बसवलेली काठी त्याच्या कानावर बसली आणि तो न ओरडता खाली गेला. मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. कुऱ्हाडीचे दांडे निघाले. वेशीच्या वरून दगड येऊ लागले. एकाचा जबडा बाजूला सरकला आणि तो तसाच हाताने जबडा धरून दुसऱ्याला लाथा घालत राहिला. एक म्हातारा, ज्याचा ह्या दोन्ही घरांशी संबंध नव्हता, पायाखाली गेला. चंद्रभानच्या डोक्यातून रक्त वाहून मिशा लाल झाल्या होत्या आणि तो हसत होता. बायांनी दारं लावून घेतली. मातीत पडलेल्या दातांवरून, पगड्यांवरून, झेंडूच्या माळांवरून माणसं तुडवत जात होती.

आणि त्या सगळ्यात लिंबाजी उभा होता. सर्जाच्या गळ्याला मिठी, तोंड वशिंडात लपवलेलं. मास्तरने डोळ्यांनी पाहिलं, एक काठी त्याच्या डोक्यावर आली आणि हवेत थांबली. धरणाऱ्याने सर्जाकडे पाहिलं, काठी बाजूला नेली आणि दुसऱ्याच्या बरगडीत घातली. दुसरी काठी आली, तीही थांबली. रक्ताची चिळकांडी सर्जाच्या झुलीवर उडाली, पण लिंबाजीच्या अंगाला बोट लागलं नाही. मास्तरला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जमलं! त्याने दोन्ही हात जोडून बसवेश्वराचं नाव घेतलं. पोरगा वाचला, असं तो मोठ्याने म्हणाला, शेजारच्या मौलवीसाहेबांना ऐकू गेलं.

तेवढ्यात वेशीवरून आलेला एक धोंडा परधानाचा डावा कासरा धरलेल्या गड्याच्या कपाळावर बसला. कासरा सुटला. उजवीकडच्या गड्याला परधानाने एका हिसक्यात भिंतीवर आपटलं. सर्जाला मागून त्याचा वास आला असावा. तो गर्रकन फिरला. गळ्याला लटकलेल्या लिंबाजीसकट फिरला. माणसं भांडणं टाकून दोन्हीकडे पळाली, कारण अंडील बैलांच्या मधे कुणी थांबत नाही. मास्तर ओरडला, सोड, लिंबाजी, सोड. पण मिठी सोडू नकोस असं त्यानेच सांगितलेलं होतं, आणि लिंबाजी ऐकणारा होता.

दोन डोकी एकमेकांवर आपटली. मधे माणूस होता. मग ती दोन्ही जनावरं रेटत रेटत वेशीच्या दगडी खांबापर्यंत गेली आणि आवाज आला, वाळलेली टोपली पायाखाली मोडते तसा. तो आवाज ओट्यापर्यंत आला. सर्जा मागे सरला तेव्हा लिंबाजी खांबाला टेकून बसला होता, छाती आत गेलेली, नवं धोतर लाल. डोळे उघडे. बैल तसेच झुंजत वेशीतून पलीकडे गेले आणि तोरण दोघांच्या शिंगांत अडकून तुटलं. कोण आधी गेला ते कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अमीन आला. लिंबाजीला बैलाने मारलं, माणसाने नाही, असं त्याने ठरवलं. बैलावर कलम लागत नाही. कोंबडी खाऊन तो गेला.

पण खरी घाण तर पुढेच आहे. कुणाच्या बैलाने मारलं, ह्यावर मसणवट्यातच वाद पेटला. तुम्हाला वाटेल, दोघांनी अंग झटकलं असेल. छे! चंद्रभान म्हणाला की शिंग परधानाचं होतं, एका धक्क्यात फासळ्या आत घातल्या, आहे का सर्जात ही ताकद? व्यंकटरावांचे गडी म्हणाले की रेटला सर्जाने, परधान नुसता मागे भिंतीसारखा उभा होता. तिकडे चिता जळत होती आणि इकडे काठ्या पुन्हा हातात आल्या होत्या. मास्तरने हे कानांनी ऐकलं.

महिन्याने तपासणीचा साहेब आला. त्याने तोच धडा विचारला. वर्गात एकाही पोराचं चुकलं नाही. साहेबाने मास्तरची पाठ थोपटली, नेमकी सोललेल्या खांद्यावर, आणि इतका पक्का धडा आपण कुठे ऐकला नाही असं सगळ्यांदेखत सांगितलं. मौलवीसाहेब खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच संध्याकाळी तानुबाई दारात आली. पांढरं कपाळ, हातात काही नाही. लिंबाजी त्या दिवशी विसरलेली वाटी न्यायला आली होती. उमादेवीने घासून, पुसून ठेवलेली वाटी आणून दिली. मास्तर बाहेर आला आणि तिच्या पायांशी बसला. शिव्या दे, थुंक, पण काहीतरी बोल, असं तो म्हणत राहिला. मी जा म्हणणार होतो, मी त्याच्या भल्याचंच सांगितलं, असंही म्हणाला. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता, तोच त्याला पाहिजे होता.

"पोळ्याच्या पाटंला मी त्याला हाताला धरून काठापोत्तर नेला व्हता," ती म्हणाली. "डोण लागली व्हती. भाऊ हाका मारायला व्हता. त्यानं एक पाय बी घातला डोणीत. मंग काढला. मला म्हनला, तानी, तुजंच खरं वाटायलंय मला. पन मास्तर तुज्यापेक्षा शाना हाय."

वाटी तिने पदराखाली घेतली आणि ती नदीच्या वाटेने निघून गेली.